खालचा व्हॉल्व्ह

पावसाची झड लागून आज अठरावा दिवस होता आणि काळ्या तळ्यातली पाणी मोजायची पट्टी आता वीतभरच उघडी राहिली होती. काल दीड वीत दिसत होती. पंपवालीने बांधावर वाकून आकडा दोनदा वाचला, चष्म्यावरचं पाणी बोटाने निपटून तिसऱ्यांदा वाचला. आकडा काही बदलायला तयार नव्हता.

तळं डेपोच्या पायथ्याशी होतं. वर शहराचा पंधरा वर्षांचा कचरा टेकडीएवढा चढलेला. त्या ढिगाखाली जाड प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर खडी, खडीत भोकाभोकांचे पाइप. ढिगात मुरलेलं पाणी सगळ्या कुजक्या-नासक्याचा अर्क घेऊन त्या पाइपांतून हौदात उतरायचं. साहेब लोक त्याला लिचेट म्हणत, खालचं गाव काळं पाणी म्हणे. हौदातून ते पंपाने तळ्यात चढवायचं आणि तळ्यातून थोडं थोडं हवेच्या टाकीत सोडायचं. टाकीत तपकिरी गाळ होता, गाळात जंतू होते. ब्लोअर खालून हवा सोडी आणि ते जंतू काळ्या पाण्यातली घाण खात. निवळलेलं पाणी मग रस्त्यावरची धूळ बसवायला जाई.

"जनावरंच आहेत ती," तिचा नवरा म्हणायचा. आधी हे काम त्याचं होतं. "वेळेवर वैरण टाकायची. कमी टाकली तर उपाशी मरतात, जास्त टाकली तर पोट फुगून मरतात." गावातल्या कुणी नाक मुरडलं, तर तो हसत म्हणे, "लोकांना काळ्या पाण्यावर एकदा पाठवलं की परत येता येत नाही. मी रोज जातो आणि जेवायला घरी येतो."

चार वर्षांपूर्वी तो हौदाच्या कठड्याला टेकून बसला तो उठलाच नाही. छातीत कळ आली होती म्हणे. मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी तिला घेतलं. त्याचेच गमबूट ती पुढे चिंध्या कोंबून घालत होती. दोन नंबर मोठे होते, चालताना फटक फटक वाजायचे.

पंपाच्या खोलीत फोन वाजला. सुपरवायझर शहरातून बोलत होता.

"मावशी, पट्टी किती?"

"वीतभर राहिलीय."

"टाकीत जास्त सोडा."

"परवा सोडलं साहेब. गाळ वाहून चाललाय. आणखी सोडलं तर टाकी मरेल, मग दोन महिने काहीच साफ होणार नाही."

"बरं, मग..."

"टँकर पाठवा ना."

"पूल पाण्याखाली आहे, टँकर काय उडत येणार?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "खालचा उघडा."

पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता.

"ऐकताय ना? बांध फुटला तर अख्खं तळं जाईल खाली. त्यापेक्षा थोडं थोडं गेलेलं बरं. एवढ्या पावसात कुणाला कळतंय? गेल्या वर्षी उघडलाच होता की."

"लिहून द्या साहेब."

"काय?"

"उघडा म्हणून लिहून द्या. मोबाइलवर पाठवा, मला वाचता येतं."

"हॅलो? आवाज येत नाही मावशी. रेंज नाही इथे," साहेब म्हणाला आणि फोन बंद झाला. त्याचा आवाज तिला मात्र शेजारी बसल्यासारखा स्वच्छ येत होता.

खालचा व्हॉल्व्ह तळ्याच्या भिंतीत होता. लाल रंगाचं चाक, ताटाएवढं. ते फिरवलं की काळं पाणी सरळ ओढ्यात. ओढा खाली वळणावर तिच्या दिराच्या शेताला घासून जायचा, आणि वळणापासून वीस पावलांवर दिराची विहीर.

गेल्या वर्षी साहेबाने असाच फोन केला होता. तेव्हा तिने लिहून मागितलं नव्हतं. जेवण झाल्यावर ती गेली, चाक फिरवलं आणि तीन तासांनी बंद केलं. नोंदवहीत लिहिलं : व्हॉल्व्ह बंद. तिसऱ्या दिवशी दिराची गाय तोंडाला फेस येऊन पडली. आठवड्यात विहिरीचं पाणी चहासारखं झालं. डेपोच्या माणसांनी येऊन बाटल्या भरून नेल्या आणि पाइप फुटला होता असा कागद दिला.

दीर तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. ती या घरात आली तेव्हा त्याच्या अंगात दुसऱ्याचे सदरे होते आणि दोन्ही गुडघे फुटलेले. त्याचं डोकं धुतलं तिने, पाढे घेतले तिने. नवरा गेल्यावर तिच्या घराचं छप्पर त्यानेच शाकारलं होतं. गाय पुरायला तिने त्याच्याबरोबर खड्डा खणला. खड्डा बुजवून झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, तू ते काम सोड." ती म्हणाली, "सोडून काय करू?" तो म्हणाला, "मग आमच्याकडे येत जाऊ नकोस." तेव्हा कळलेलं त्याला एवढंच होतं, की ती तिथे काम करते.

त्याला वर्ष झालं. जाऊ कधी ओढ्याच्या वाटेवर भेटली तर उभ्या उभ्या दोन शब्द बोले आणि मागे वळून बघत निघून जाई. दुकानदार तिला पायरीवरच थांबवायचा. "काय हवंय ते तिथूनच सांगा, मी आणून देतो." शब्द आदराचे, पण ती वळली की तो पायरीवर बादलीभर पाणी ओतायचा. बसमध्ये ती बसली की शेजारचं माणूस पुढच्या थांब्याला उतरायचं आहे असं दाखवून उठायचं आणि जाऊन पुढच्या बाकावर बसायचं. केसांना कितीही साबण लावला तरी वास जात नव्हता. की जात होता, कोण जाणे. तिचं स्वतःचं नाक कधीच मेलं होतं आणि विचारायला घरात दुसरं नाक नव्हतं.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खोलीच्या दारात उभी राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की पाऊस रोजचाच आहे. कालपासून वाढला असंही नाही. मग एका दिवसात अर्धी वीत पाणी आलं कुठून? पाइपातून हौदात येणारी धार तर होती तेवढीच होती. तिने फावडं घेतलं आणि ढिगाच्या कडेने वर निघाली.

वर डोंगराच्या बाजूला एक चर खोदलेली होती. डोंगरावरून येणारं चांगलं पाणी डेपोत शिरू नये, बाहेरच्या बाहेर निघून जावं म्हणून. चर रस्त्याखालून एका सिमेंटच्या नळ्यातून पलीकडे जायची. ती तिथे पोचली आणि बघते तो काय, नळ्याच्या तोंडाशी तुडुंब पाणी साचलेलं, आणि ते चर सोडून रस्त्यावरून डेपोच्या आत धावतंय. थेट तळ्याकडे. स्वच्छ, मातकट, निव्वळ पावसाचं पाणी, आणि ते तळ्यात पडून काळं होत होतं.

नळ्यात एक गादी अडकली होती. कापसाची, दुहेरी पलंगाची. पाण्याने फुगून तिची म्हैस झाली होती. गादीच्या मागे जाळी, प्लास्टिक, फांद्या, एक सायकलचं चाक. पंपवाली कमरेएवढ्या पाण्यात उतरली. फावड्याने ओढलं, हाताने ओढलं. गादीचा कोपरा फाटून हातात आला आणि ती मागच्या मागे पडली. तोंडात पाणी गेलं. पुन्हा उठली. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. दीड-दोन तास ती त्या गादीशी झटत राहिली. फांद्या निघाल्या, प्लास्टिक निघालं, गादी तसूभर हलली नाही. डोझरवाला पूल बुडण्याआधीच घरी गेला होता. अख्ख्या डेपोत तिच्याखेरीज फक्त कावळे होते, आणि ते पण भिजून मुकाट बसलेले.

ती तशीच, अंगातून पाणी गळत, खाली गावाकडे निघाली.

दार जावेने उघडलं. "ताई? अगं बाई, काय झालं हे? आत ये ना."

"इथंच बोलते. बूट घाण आहेत."

आत खाटेवर दीर जुन्या ट्यूबचा वॉशर कापत बसला होता. कोपऱ्यात पाण्याचे चार कॅन ओळीने ठेवलेले. वर्षभर दोघं नवरा-बायको अर्ध्या तासाच्या वाटेवरून ते भरून आणत होती. त्याने मान वर केली नाही.

"धाकट्या," ती म्हणाली, "वरची चर तुंबलीय. नळ्यात गादी अडकलीय, माझ्या एकटीने निघत नाही. पहार आणि दोर घेऊन चल."

"डेपोची माणसं कुठे गेली?"

"पूल बंद आहे."

"मग डेपोचं डेपो बघून घेईल."

"तळं भरत आलंय. बांध फुटला तर तुझ्या शेतावरून जाईल, विहिरीवरून जाईल."

"विहिरीत आता बिघडायचं काय शिल्लक आहे?"

"अहो, जा ना," जाऊ म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

पंपवालीने चौकटीला हात टेकला. थंडीने दात वाजत होते. ते वाजू नयेत म्हणून तिने जबडा घट्ट धरला. मग सोडला.

"साहेबाने मला खालचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितलाय. गेल्या वर्षी सांगितला होता तसा."

कात्री थांबली.

"गेल्या वर्षी पाइप फुटला होता," दीर म्हणाला. "कागद आहे माझ्याकडे."

"पाइप नव्हता फुटला."

"मग?"

"मी उघडला."

जावेने तोंडावर हात नेला. दिराने कात्री खाटेवर ठेवली, मग वॉशर ठेवला, तोही अगदी सावकाश, फुटेल की काय अशा बेताने.

"किती वेळ?"

"तीन तास."

"कधी?"

"दुपारी. जेवण झाल्यावर."

"त्या दुपारी मी गायीला ओढ्यावर नेली होती." हे तो तिला सांगत नव्हता, खाली जमिनीकडे बघून बोलत होता. "ती पाणी प्यायला तयार नव्हती. मान फिरवत होती. मीच दावं ओढून तिला प्यायला लावलं."

छपराच्या कडेवरून पाणी ओघळत होतं.

"तू माझ्याबरोबर खड्डा खणलास."

"हो."

"तेव्हा बोलली नाहीस."

"नाही."

"वर्षभर नाही."

"नाही."

तो उठून दारापर्यंत आला. तिला वाटलं हात उगारतो की काय. उगारला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण त्याने नुसतं दार धरलं.

"तुम्ही जा आता," तो म्हणाला.

तीस वर्षांत त्याने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ती वाट उतरून ओढ्यापाशी आली तेव्हा कुठे तो शब्द तिच्या कानांतून खाली उतरला, आणि तिला एका दगडावर बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर चार बोटं राहिली होती. बांधाच्या एका कोपऱ्यात माती मऊ लागत होती. बूट दाबला की ठसा पाण्याने भरत होता. तिने चार पोती मातीने भरून तिथे रचली. पाचवं उचलताना कमरेत काहीतरी सटकलं, तशी ती पोत्यावरच बसली. तळ्यावर पाऊस पडत होता आणि प्रत्येक थेंबाचा एक पिवळा बुडबुडा होत होता. फोन दोनदा वाजला. तिने घेतला नाही.

साहेब खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं होतं. बांध फुटला तर सगळंच जाणार. थोडं सोडलं तर थोडं जाणार. तिने मनाशी हिशोब मांडून बघितला : एक तास. पाव चाक. ओढ्याला पाणी भरपूर आहे, पातळ होऊन जाईल. विहीर नाहीतरी नासलेलीच आहे, त्याने स्वतःच म्हटलं. हे म्हणता म्हणता ती उठली आणि भिंतीपाशी जाऊन तिने चाकाला दोन्ही हात घातले. लोखंड बर्फासारखं होतं. हात तिथे गेलेले तिचे तिला कळले, आणि ते काढावे की फिरवावं हे मात्र कळेना. अशी किती वेळ उभी होती, देव जाणे.

"उघडलात?"

बांधावर दीर उभा होता. खांद्यावर पहार, गळ्यात दोराचं वेटोळं, डोक्यावर खताचं पोतं.

"नाही."

"मग सोडा ते."

तिने हात सोडले. तो पुढे वर चालू लागला, ती मागून. फटक फटक बूट वाजत होते. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

नळ्यापाशी पोचल्यावर त्याने पाणी पाहिलं, रस्त्यावरून आत धावणारा लोंढा पाहिला, मग खाली तळ्याकडे पाहिलं. "हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"परवापासून असावं. मला काल कळलं."

"दर वर्षी साफ करत नाही कुणी?"

"कागदावर करतात."

तो उतरला. पहार गादीच्या आणि सिमेंटच्या फटीत घातली आणि अंग टाकलं. "दोर," म्हणाला. तिने दोर दिला. त्याने गादीला फास घातला, दुसरं टोक रस्त्याकडेच्या खांबाला एक वळसा देऊन तिच्या हातात दिलं. "मी उचलतो तेव्हा ओढा. सैल सोडू नका."

त्यांनी दुपारपर्यंत तेच केलं. तो उचले, ती ओढी. बोटभर सरके, पुन्हा बसे. दोराने तिचे तळवे सोलले. एकदा पहार सटकून त्याच्या नडगीवर बसली, तो कळवळून वाकला, ती धावत पुढे झाली. "दोर!" तो ओरडला. "दोर सोडू नका म्हणालो ना!" ती परत जागेवर गेली.

कमरेची कळ आता पायापर्यंत उतरली होती. तिने दोर कमरेभोवती गुंडाळला, टाचा चिखलात रोवल्या आणि बैलाने ओढावं तसं अंग मागे झोकून दिलं. गादीने आतून एक मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि सुटली. ती पाठीवर आपटली. दीर नळ्याच्या तोंडातून बाजूला उडी मारतो न मारतो तोच सगळं पाणी गर्जत आत शिरलं. जाळी, फांद्या, सायकलचं चाक, सगळं पलीकडे फेकलं गेलं. बघता बघता रस्त्यावरचा लोंढा बारीक झाला, धार झाली, मग थांबला. चरीतून पाणी डोंगराच्या कडेने, जसं जायला हवं तसं, बाहेर निघून चाललं होतं.

पंपवाली चिखलात पडल्या पडल्याच हसायला लागली. दिराच्याही तोंडावर क्षणभर काहीतरी आलं. त्याने तिला उठवायला हात पुढे केला. मग तो हात त्याला दिसला असावा; त्याने तो मागे घेऊन पहार उचलली. ती आपली आपण उठली.

खाली आल्यावर तो व्हॉल्व्हपाशी थांबला. खिशातून पाना काढून चाकाचा नट खोलला. गंजलेला होता, वेळ लागला. चाक काढून त्याने दोराने पाठीला बांधलं.

"हे माझ्याकडे राहील," तो म्हणाला.

"ठेव."

"मी विहिरीसाठी आलो होतो."

"माहीत आहे मला."

"बाकी काही समजू नका."

ती मान हलवून हो म्हणाली. तो वाटेला लागला. पाठीवर लाल चाक आणि एक पाय थोडा ओढत. वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. मग खोलीत जाऊन तिने नोंदवही काढली. आधी गेल्या वर्षीचं पान उघडलं. 'व्हॉल्व्ह बंद' यावर काट मारून शेजारी लिहिलं, 'उघडला होता. तीन तास. फोनवरून सांगितल्यावरून.' खाली सही केली. सोललेल्या बोटांनी पेन धरवत नव्हतं, अक्षर पोराटोरांसारखं आलं.

दोन बोटं राहिली असताना पट्टी थांबली. दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि चौथ्या दिवशी पूल.

सुपरवायझर जीप घेऊन आला. नाकाला रुमाल. तळ्याभोवती फेरी मारून भिंतीपाशी उभा राहिला. "चाक कुठाय?"

"माझ्या दिराकडे."

"म्हणजे? सरकारी मालमत्ता आहे ती. आणून द्या."

"तुम्हीच जाऊन मागा साहेब. ही वाट सरळ त्याच्या विहिरीपाशी जाते. गेल्या वर्षीचंही सांगा त्याला. वहीत लिहिलंय मी."

त्याने वही वाचली. दोनदा वाचली. वाटेकडे बघितलं, खाली शेत दिसत होतं, शेतात कुणीतरी वाकून काम करत होतं. मग तो घड्याळ बघून म्हणाला, "नवीन मागवतो." जीपमध्ये बसताना पुन्हा म्हणाला, "तुम्हाला काढूनच टाकायला पाहिजे मावशी."

"दुसरं कोणी मिळालं तर सांगा. मी किल्ल्या देते."

दुसरं कोणी मिळालं नाही. नवीन चाकही आलं नाही. टाकी त्या पावसात अर्धी मेली होती. पंपवालीने ती महिनाभर लहान मुलाला भरवावं तशी थोडं थोडं पाणी देत पुन्हा उभी केली. फेस पांढऱ्याचा तपकिरी झाला आणि टाकीला ओल्या मातीसारखा वास येऊ लागला. तो मात्र तिच्या नाकाला आला. हे सांगावं असं तिला फार वाटलं. ब्लोअरच्या घरघरीत ती मोठ्याने म्हणालीही, "लागली बरं का खायला." मग इकडेतिकडे बघून गप्प झाली.

दिराने पंप लावून विहीर उपसली. भरली की उपसायची, भरली की उपसायची, असं हिवाळाभर आणि उन्हाळाभर चाललं. तिला ते पंपाच्या आवाजावरून कळे. वाटेवर जाऊ भेटेना. भेटली तरी हल्ली खाली बघून जाई.

पावसाळा जवळ आल्यावर ती चर साफ करायला वर गेली. आता ते तिने स्वतःच अंगावर घेतलं होतं. रोज थोडं थोडं, कमरेला पट्टा बांधून. एका सकाळी श्वास घ्यायला ती ढिगाच्या माथ्यावर चढून बसली. तिथून सगळं खोरं दिसायचं. दिराच्या विहिरीवर दोघं उभी होती. दिराने बादली ओढून काठावर ठेवली. जावेने ओंजळ भरून पाणी उन्हात धरलं, वास घेतला, आणि थोडा वेळ तशीच थांबली. मग तिने ओंजळ तोंडाला लावली. दिराने तिच्या तोंडाकडे बघत विचारलं काहीतरी. तिने मान हलवली. मग तो बादलीवरच वाकला आणि घटाघटा प्यायला, गायीगुरांसारखा, मान सगळी भिजेपर्यंत.

पंपवाली उठून उभी राहिली. तिचा हात आपोआप वर गेला. एवढ्या उंचावर, उघड्या आभाळासमोर, ती त्यांना नक्की दिसत असणार. जावेने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग दिराने रिकामे कॅन उचलले, तिने बादली घेतली आणि दोघं घरात गेली.

तिने हात खाली घेतला. मग फावडं खांद्यावर टाकून चरीकडे उतरली. निम्मी चर अजून काढायची होती.